पाण्याखालचा अबोला

सत्यभामाबाईंनी समुद्र पाहिला, तोंडात बोट घातलं आणि सवयीनं मागं वळून म्हणणार होत्या, "विशाखा, बघ गं!" ऐन वेळी आठवलं, की विशाखाशी आपलं बोलणं बंद आहे. ते वाक्य त्यांनी तसंच गिळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लई मोठा हाय." बद्रीनाथरावांनी "व्हय" म्हणून मान हलवली. आता एवढ्या मोठ्या समुद्राबद्दल एवढंच बोलायचं, तर चितेगावाहून रात्रभर क्रूझर गाडीत हाडं खिळखिळी करून मालवणापर्यंत यायचं तरी कशाला?

विशाखा ही त्यांची धाकटी जाऊ. अकरा वर्षं दोघी एका घरात, एका ओट्यापाशी राबल्या. मोसंबीच्या बागेत डबा घेऊन जायच्या त्या जोडीनं, बाजाराला जायच्या त्या जोडीनं. गावातल्या बायांना कौतुक कमी आणि पोटदुखीच जास्त होती. विशाखाचा नवरा आदिनाथ वाळूजला कंपनीत. रात्रपाळी करून मोटारसायकलवर येता-जाता त्याचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून त्यानं कंपनीजवळ फ्लॅट घेतला. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण सत्यभामाबाईंना हे कळलं कधी? टेम्पो दारात उभा राहिला आणि विशाखाचं कपाट त्यात चढायला लागलं तेव्हा. घरात बाकी सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त यांना नव्हतं. त्या दिवशी त्यांनी जो अबोला धरला, त्याला आता दीड वर्ष झालं. विशाखाही ताठ्यात काही कमी नव्हती.

अबोला धरला म्हणून काही माणसांची गरज संपत नाही. त्यावर दोघींनी तोड काढली होती, ती म्हणजे 'कुणी'.

"कुणाला मळमळत असंल तर पिशवीत लिंबू हाय," सत्यभामाबाई गाडीच्या खिडकीला सांगायच्या.

"कुणाची पाठ दुखत असेल तर उशी घ्यावी," विशाखा समोरच्या सीटला सांगायची.

लिंबूही घेतलं जायचं आणि उशीही. आदिनाथनं दिवाळीच्या सुट्टीत ही सहल काढली, ती या दोघींचं बोलणं सुरू व्हावं म्हणूनच. पण आधी बोलायचं कुणी? जी आधी बोलेल तिची हार, हे दोघींनी मनाशी पक्कं केलेलं. खरं सांगायचं तर सत्यभामाबाईंना हा अबोला आता झेपत नव्हता. धरताना त्यांना वाटलं होतं, चार दिवसांत विशाखा येईल, रडेल, पाया पडेल. ती आली नाही आणि यांना तो सोडता येईना.

सकाळी सगळे डॉल्फिन बघायला गेले. मग लांबोळक्या पिवळ्या फुग्यावर बसून लाटांवरून फरफटत गेले. त्या फुग्यानं सगळ्यांना पाण्यात पालथं केलं, तेव्हा विशाखाची मुलगी श्रेया खिदळत म्हणाली, "पुन्हा, पुन्हा!" आणि बद्रीनाथराव म्हणाले, "माझं झालं." दुपारी पाण्याखाली उतरायचं होतं. होडी खडकांपाशी नांगर टाकून उभी राहिली. आदिनाथ उतरून आला, वेड्यासारखा हसत होता. बद्रीनाथराव डोकं धरून कोपऱ्यात बसले होते. श्रेयाला लहान म्हणून उतरू दिलं नाही, त्यामुळं ती फुगून बसली होती. राहिल्या दोघी जावा.

सत्यभामाबाईंचा उतरायचा विचार मुळीच नव्हता. तेवढ्यात विशाखा होडीच्या काठाला म्हणाली, "कुणाला भीती वाटत असेल तर वरच बसावं."

बाईंनी पदर खोचला. "कोण भेतंय? आण रं बाबा तुझा तो अंगरखा!"

काळा रबरी अंगरखा अंगावर चढवताना दोघींची चांगलीच दमछाक झाली. मग उतरवणाऱ्या पोरांपैकी एकानं खुणा शिकवल्या. "काकी, पाण्यात बोलता येत नाय. बोटांचा गोल केला म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. नीट लक्षात ठेवा हां, अंगठा वर म्हणजे वर न्या." दोघींनी माना डोलावल्या. तोंडात नळी गेल्यावर बाईंना जरा बरंच वाटलं. आता अबोला पाळायला कष्ट नव्हते.

पाण्याखाली गेल्यावर पहिले काही क्षण त्यांनी मनातल्या मनात देवांची नावं घेण्यात घालवले. मग डोळे उघडले. दोन पुरुष उंचीएवढ्या खोल पाण्यात ऊन उतरलं होतं. खडकावर जांभळी झुडपं डुलत होती आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्यानं थेट त्यांच्या हातापाशी आले. एकानं बोटाला हळूच तोंड लावलं. बाईंची भीती कुठल्या कुठं गेली. एवढं सुंदर काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते एकटीनं बघवेना. त्यांनी वळून पाहिलं, तर विशाखा त्यांच्याकडंच बघत होती. काचेमागं तिचे डोळे बशीएवढे झाले होते. तिनं माशांकडं हात केला आणि 'एक नंबर!' म्हणून झोकात अंगठा वर केला. बाई अबोला विसरल्या, हार-जीत विसरल्या. त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे वर केले.

त्याच क्षणी उतरवणाऱ्या पोरांनी बखोटीला धरून दोघींना वर ओढलं.

"काय झालं काकी? श्वास अडकला?" पोरगा घाबरून विचारत होता.

बाईंनी तोंडातली नळी ओढून काढली, नाकातोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि कडाडल्या, "अगं ए येडे, अंगठा काहून दाखवला? त्यानं सांगितलं व्हतं ना!"

"मग तुम्ही काहून दाखवला?" विशाखा ओरडली. "अन् ते बी दोन-दोन!"

होडीत बद्रीनाथरावांनी डोक्यावरचा हात काढला. आदिनाथ जागचा हललासुद्धा नाही. आणि पाण्यात बाईंच्या ध्यानात आलं, की आपण बोललो. आधी बोललो. आता हरलोच आहोत, तर दीड वर्ष घशाशी अडकलेलं तरी विचारून घ्यावं. होडीच्या दोराला लोंबकळत त्या म्हणाल्या, "मला काहून नाय सांगितलं गं? टेम्पो दारात येईस्तवर? म्या तुला अडवलं असतं का?"

विशाखाचा आवाज खाली आला. "तुम्ही अडवलं नसतं ताई. तुम्ही 'जा' म्हणला असता. पोळ्या बांधून दिल्या असत्या, ओटी भरली असती. मग माझा पाय निघाला नसता. मला जायचं तर व्हतंच. म्हणून चोरावाणी गेले."

लाट आली, दोघींना वर उचलून खाली ठेवून गेली. इतके दिवस त्यांनी तिला उलट्या काळजाची ठरवलं होतं.

"अजून बी पीठ घेते तर तुझ्या दोन भाकरी त्यात धरते म्या," त्या म्हणाल्या. "हाताला कळतच नाय. रोज उरतात."

"मग कोण खातं?"

"म्हस."

विशाखाला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. बाईंनी दोरावरचा एक हात सोडून तिचं ओलं डोकं खांद्याशी धरलं. दोघी त्या रबरी अंगरख्यांत एकमेकींना धड मिठीही मारू शकत नव्हत्या.

"काकी, वेळ शिल्लक हाय," पोरगा म्हणाला. "परत खाली नेऊ? मासे बघायला?"

"थांब की रं बाबा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दिसंना का, आम्ही बोलतोय!"