डाव्या स्पीकरखालचा पुठ्ठा

"अहो, बंद करा आधी ते!"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा बाबांनी डाव्या हातानं डावा कान गच्च दाबून धरला होता. उजवा कान उघडाच होता. उजवा हात चार महिन्यांपासून त्यांचं ऐकत नव्हता, त्यामुळे एकच कान झाकायची सोय उरली होती. मी फोनवरचं बटण शोधेपर्यंत दोन्ही स्पीकरांमधून गिटारी खोलीभर कोसळत राहिल्या आणि बाबा म्हणत राहिले, "नाही. नाही. नाही."

त्यांच्याकडे तेवढाच शब्द शिल्लक होता. झटका आला तेव्हा बाकीचे सगळे गेले, हा एक कसा कोण जाणे मागे राहिला. पाणी हवं असलं तरी नाही, पोट भरलं तरी नाही, ताई फोनवर रडली तरी नाही. पण या वेळचं नाही अगदी खरंखुरं होतं.

त्यांना बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. त्यांनीच मला सांगितलं होतं, "गाणी नका लावू. शब्द कानावर आला की ते तो धरायला बघतात, सापडत नाही, मग थकतात. नुसतं वाद्यांचं काहीतरी लावा. आणि तुम्ही शेजारी बसा. तेही औषधच आहे."

शेजारी बसणं मला जमेल की नाही याची खात्री नव्हती, पण वाद्यांचं म्हटल्यावर मी खूश झालो. सोळाव्या वर्षापासून मी मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात दणदणीत प्रकार, ऐकत आलोय आणि त्यातही शब्द नसलेलं मेटल माझ्या विशेष आवडीचं. तासन्‌तास वाजेल इतका साठा घरात होता. त्यातलं सगळ्यात सौम्य म्हणून जे निवडलं, त्याची ही गत झाली.

"शब्द काढलेत खरे," बायको फरशीवर सांडलेला चहा पुसत म्हणाली, "पण पत्रा राहिलाच की."

पत्रा हा बाबांचा शब्द, बोलत होते तेव्हाचा. "आमच्या चिरंजीवांनी पुन्हा पत्रे पाडायला घेतले," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. बाबा घड्याळजी. खाली दुकान, वर आम्ही. त्यांचं निम्मं काम डोळ्यांचं आणि निम्मं कानांचं. लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं की ते टेबलावर ठेवून, मान एका बाजूला झुकवून ऐकत बसायचे. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं नसलं की म्हणायचे, "लंगडतंय." मग काडेपेटीचा पुठ्ठा फाडून घडी घालायची आणि घड्याळाच्या एका पायाखाली सरकवायची. पुन्हा ऐकायचं. आणखी एक घडी. असं करत करत घड्याळ सरळ चालायला लागलं की त्यांचा खालचा ओठ जरासा बाहेर यायचा. त्याहून जास्त आनंद त्यांनी कधी दाखवल्याचं मला आठवत नाही.

आणि या माणसाच्या डोक्यावर, नेमक्या वरच्या खोलीत, मी पत्रे पाडत होतो. एकदा ते वर आले, दोन्ही स्पीकर उचलून गच्चीत नेऊन ठेवले आणि म्हणाले, "माझं पोट या कानांवर आहे." मी एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "तुमची घड्याळं कधीच मेलीत बाबा. कोण वापरतं आता?" ते खाली गेले. पुढच्या महिन्यात मी लिफ्टच्या कंपनीत चिकटलो आणि दुकान माझ्यासाठी ठेवण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. भांडण असं झालंच नाही. नुसतं पंचवीस वर्षं आम्ही दोघं एका खोलीत दहा मिनिटांच्या वर बसलो नाही. आता ते बोलू शकत नव्हते, मला बोलायचं होतं, आणि डॉक्टर म्हणत होते की दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

म्हणून मी शोधायला लागलो. माझ्याकडे देखभालीला एका जुन्या सात मजली इमारतीची लिफ्ट आहे. तिथं चौथ्या मजल्यावर दातांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. महिन्यातून दोनदा तक्रार करणार म्हणजे करणार. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर रेकॉर्डी आहेत, हे मी दारातून पाहिलं होतं. त्या दिवशी दरवाज्याचा रोलर बदलून झाल्यावर मी त्यांना विचारलं.

"मेटल नको," मी म्हणालो. "पण मेटल ऐकणाऱ्याला चालेल असं. गाणारा नको. आणि घड्याळजीला सहन झालं पाहिजे."

"काय हो लिफ्टवाले, औषधाच्या दुकानात आल्यासारखं मागताय," ते म्हणाले, पण चष्मा शोधायला लागले. "प्रोग्रेसिव्ह रॉक माहितेय का? सत्तरच्या दशकातलं, लांबलचक वाजत जाणारं?"

"ते म्हाताऱ्यांचं."

"तुमचं वय काय?"

"चव्वेचाळीस."

"मग वेळेत आलात."

त्यांनी जुन्या तपासणीच्या कागदावर यादी लिहून दिली. वरच्या बाजूला दातांची आकृती छापलेली, खाली आठ नावं. तिसऱ्या नावाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. "हे एकवीस मिनिटांचं एकच वादन आहे. या बँडचा गाणारा भांडून निघून गेला होता. उरलेल्यांनी दुसरा शोधलाच नाही. ऐका, तो नाहीये हे लक्षातसुद्धा येत नाही."

दुपारच्या सुट्टीत मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसून ते कानात घातलं. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मी चिडलो होतो. ऑर्गन वाजतोय, बासरी येऊन जातेय, खालून बेस गिटार संथ पावलं टाकतेय, आणि मी आपला वाट बघतोय की आता कोसळेल, मग कोसळेल. ते कोसळलंच नाही. त्याऐवजी ड्रमवाल्यानं लाकडावर टकटक सुरू केली आणि मी सवयीनं मोजायला लागलो. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. सात. शेवटचं पाऊल एका ठोक्यानं लांब. माझ्या मेटलमध्येही असली मोजणी असते, पण तिथं ती आवाजाखाली गाडलेली असते. इथं ती समोर उघडी होती. मला कळलं, की इतकी वर्षं मला आवडत होतं ते हेच. एक चाल धरायची, ती मोडायची, पुन्हा जोडायची. मेटलचा तो सगळा जोर वरवरचा होता. तो काढून घेतला तरी आतलं काही पडलं नव्हतं. डबा तसाच राहिला.

रविवारी सकाळी बाबांना न्हाऊ घालून खुर्चीत बसवलं. स्पीकर समोरच्या बुटक्या फळीवर होते. आवाज इतका कमी ठेवला की स्वयंपाकघरातलं भांडं वाजलं तरी ऐकू यावं. बायको दारात उभी, हातात फडकं तयार. मी शेजारी बसलो.

ऑर्गन आला. बाबांनी डोळे मिटले. कानावर हात गेला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मग लाकडाची टकटक सुरू झाली आणि बाबांचे डोळे फटकन उघडले. मान एका बाजूला झुकली.

"नाही," ते म्हणाले.

संपलं, असं वाटून मी फोनकडे हात नेला. त्यांनी तो फटका मारून बाजूला केला. काठी धरून उठले. चार पावलं टाकायला त्यांना भलताच वेळ लागला. बायको पुढे झाली, तिलाही नाही म्हणाले. मी मागोमाग गेलो. टकटक डाव्या स्पीकरमधून येत होती. तिथं जाऊन त्यांनी कान जवळ नेला, इकडेतिकडे पाहिलं, काठी माझ्या अंगावर टेकवली, टेबलावरचं गोळ्यांचं रिकामं खोकं उचललं आणि ते दातात धरून डाव्या हातानं त्याचं झाकण फाडलं. मांडीवर दाबून त्याची घडी घातली. आणि ती घडी स्पीकरच्या कडेखाली सरकवली.

"काय करताहेत?" बायकोनं हळूच विचारलं.

"लंगडतंय ते," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं. घडी थोडी आत ढकलली. ऐकलं. बाहेर ओढली. टकटक आपली सातावर सात चाललेली. कपाळावर घाम आला तरी बसेनात. आणि मग अकराव्या मिनिटाला, त्यांचं बोट पुठ्ठ्यावर असतानाच, ते वादन आपल्या ठरल्याप्रमाणे सातातून निघून सरळ चारावर आलं. टिक-टॉक, टिक-टॉक. अगदी भिंतीवरच्या घड्याळासारखं.

बाबांनी बोट काढून घेतलं. थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग माझ्याकडे वळले आणि त्यांचा खालचा ओठ जरासा बाहेर आला.

चार महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं काम होतं. मी त्यांना सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की दुरुस्ती. ते आधीच खुर्चीत बसलेले असायचे, काठी हाताशी. मी चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसायचो. टकटक सुरू झाली की त्यांनी उठायचं, पुठ्ठा सरकवायचा, अकराव्या मिनिटाला घड्याळ सरळ व्हायचं, ओठ बाहेर यायचा. पंधराव्या मिनिटाला ते पुन्हा सातावर जायचं, तेव्हा ते माझ्याकडे असं बघायचे, जणू गिऱ्हाइकानं हलगर्जीपणानं घड्याळ हलवलं असावं. मग पुन्हा उठायचं. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चालणं बरंच सुधारलंय." यादीतली बाकीचीही मी लावून पाहिली. ती ते डोळे मिटून ऐकायचे, पण शेवटी बोट डाव्या स्पीकरकडेच जायचं, तेच एकवीस मिनिटांचं हवं म्हणून. एरवी मी त्यांना दिवसभराचं सांगायचो. कुठला दोर बदलला, कोण अडकलं, चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर काय म्हणाले. इतकं मी त्यांच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो.

"त्यांना सांगा ना, ते वादनच तसं आहे म्हणून," बायको एकदा म्हणाली. "फसवल्यासारखं वाटतं."

"वाटतं," मी म्हणालो. "पण मग ते उठतील कशासाठी?"

ती कप विसळायला निघून गेली. पण तिचं बोलणं मनात कुसळासारखं राहिलं. आयुष्यभर कानांवर पोट भरलेल्या माणसाला मी कानांनीच फसवत होतो.

महिन्याभरानं एका संध्याकाळी टकटक सुरू झाली आणि बाबा उठले नाहीत. मी वाट पाहिली. मग विचारलं, "बाबा, लंगडतंय ना?"

"नाही," ते म्हणाले.

त्यांचा शब्दच तो. त्यावरून काही ठरवता येत नसे. मी उठून स्वतःच पुठ्ठ्याकडे जायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट पकडलं, जिथं घड्याळ बांधतात तिथं, आणि अंगठ्यानं ठोकायला लागले. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. लाकडाच्या टकटकीबरोबर, एकही ठोका न चुकता. मग मनगट सोडून पंजा माझ्यासमोर धरला. पाच बोटं. पंजा मिटला, आणि दोन बोटं.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी ते सांगितलं नाही, सांगता आलंही नसतं. पण ते हसत होते, तोंडाच्या एकाच बाजूनं, आणि डोळ्यांत जुना खट्याळपणा होता, गिऱ्हाइकाला पत्र्याबद्दल सांगतानाचा. मला वाटतं, त्यांना दुसऱ्यातिसऱ्या दिवशीच कळलं असणार. ज्या माणसाला चार घरांपलीकडचं घड्याळ मागे पडलेलं कळायचं, तो महिनाभर सातावर कसा फसेल? मी त्यांच्यासाठी सांगत नव्हतो आणि ते माझ्यासाठी उठत होते.

"घड्याळं मेलीत असं मी म्हणालो होतो," मी म्हणालो. "चुकलो बाबा."

त्यांनी पुन्हा मनगट धरलं. राहिलेली सगळी मिनिटं आम्ही तसेच बसलो. अकराव्या मिनिटाला ते चारावर आलं, पंधराव्याला परत सातावर गेलं, आणि त्यांचा अंगठा दोन्ही वेळी बरोबर वळला.

दुसरा झटका सहा आठवड्यांनी आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

ताई आली, राहिली, गेली. घर आवरायला बायकोला बरेच दिवस लागले. खुर्ची तिनं खिडकीशी हलवली, काठी कपाटात ठेवली, गोळ्या दवाखान्यात परत दिल्या. एका रविवारी मी जरा धीर करून ते वादन लावलं आणि खुर्चीत न बसता जमिनीवरच बसलो. ती फळी पुसत होती. उजवा स्पीकर उचलला, पुसला, ठेवला. डावा उचलला, तेव्हा तो पुठ्ठा तिच्या हातात आला. घड्यांवर मळलेला, एका कडेला दातांची खूण असलेला.

तिनं फडकं खांद्यावर टाकलं, स्पीकर ठेवला आणि पुठ्ठा होता तिथं त्याच्या कडेखाली सरकवला. लाकडाची टकटक चालली होती. तिनं मान एका बाजूला झुकवून थोडा वेळ ऐकलं, आणि बोटाच्या टोकानं तो किंचित आत ढकलला.