मोठी अक्षरे काढणारे यंत्र

मी एक जुने झेरॉक्स यंत्र आहे. नागपूरच्या प्रताप नगरात कौशल्याबाईंच्या दुकानात माझे सारे आयुष्य गेले.

मित्रांनो, माझे कूळ सातासमुद्रापलीकडचे. कचेरीत कागदांच्या नकला करून थकलेल्या एका माणसाने, नकला यंत्रातून निघाव्यात म्हणून, स्वयंपाकघरात गंधकाचे प्रयोग केले. मोठमोठ्या कंपन्यांनी त्याला परत पाठवले. शेवटी फोटोचा कागद बनवणाऱ्या एका लहान कंपनीने त्याचा हात धरला. पुढे तिने घेतलेले नवे नाव असे गाजले, की कोणत्याही यंत्रातून निघालेल्या नकलेला नागपूरकर आजही झेरॉक्सच म्हणतात!

दुकानात आले तेव्हा कौशल्याबाईंनी मला हळदकुंकू लावले होते. परीक्षा आल्या की मला उसंत नसे.

एका मार्चमध्ये रितिका आली. दहावीची मुलगी, पण नजर फार अधू. पुस्तक नाकाला लावूनही तिला अक्षर लागेना.

"काकू, मले दिसतच नाही. मी परीक्षेले बसत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

"काहून वं? अक्षरं लहान आहेत ना, मंग मोठी करू!"

मोठ्या कागदांवर मी पानामागून पान काढू लागले. ऊन रणरणत होते. मी तापून बंद पडले. कौशल्याबाईंनी कूलरचे तोंड माझ्याकडे वळवले आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या.

"मशीन तापून राहिली. तिले जरा दम खाऊ दे."

संध्याकाळी शेवटचे पान निघाले. रितिकाने एक पान उचलून मोठ्याने, न अडखळता वाचले. त्या वर्षी ती पास झाली.

पुढे मोबाइल आले, नवी यंत्रे आली. माझ्या नकलांवर काळ्या रेघा उमटू लागल्या. सुटे भाग मिळेनात. कोपऱ्यात माझ्यावर पिशव्यांचा ढीग साचला.

काल जरीपटक्याचा भंगारवाला येऊन गेला. आज तो मला न्यायला येणार आहे.

"काच अन् भिंग चांगलं आहे. दुसऱ्या मशीनले लावजो गा, फोडू नको," कौशल्याबाईंनी त्याला कालच बजावले.

तो गेल्यावर त्यांनी पिशव्या उतरवल्या, पदराने काच पुसली, तिच्यावर आपला तळहात ठेवला आणि बटण दाबले. मी होते नव्हते ते बळ एकवटले. रेघा उमटल्याच, पण त्यांतून बाईंचा सुरकुतलेला हात स्वच्छ निघाला.

"निघाली वं माय!" त्या हसल्या आणि माझ्या झाकणावर डोके टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, थकलेल्या वस्तूला टाकण्याआधी एकदा पुसून, चालू करून पाहाल ना?