उजवी कड

"एवढंच सांग बेटा, डावा म्हणजे कुठला?" संपादककाकांनी बिस्किट चहात बुडवलं. ओला तुकडा त्यांच्या मिशीला चिकटला आणि बोलताना तिथेच हलत राहिला. मी नजर खाली वळवली.

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. घरात आता मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. काका बाबांच्या मासिकाचे संपादक. या मासिकासाठी बाबा बावीस वर्षं संगणकाच्या वस्तू तपासत आले, शेवटची काही वर्षं तर फक्त गेम खेळणाऱ्यांचे रुंद एलसीडी मॉनिटर. स्वतः त्यांनी एकही गेम पुरा केला नाही. शत्रू मेला की जगला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तो पळताना त्याच्यामागे पुसट सावली उमटते का, तेवढंच ते बघत. तिला ते 'शेपूट' म्हणत. वाचक बाबांना 'गरुड' म्हणत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. दोन मॉनिटर टेबलावर शेजारी शेजारी. ते खोलीबाहेर जात, मग मी कंपन्यांच्या नावांवर काळी चिकटपट्टी लावून केबली जोडत असे. वहीत ते फक्त 'डावा' आणि 'उजवा' लिहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना न सांगता जागा बदलत असे, किंवा बदलत नसे. मॉनिटर बदलूनही निकाल जागेलाच चिकटून राहिला, म्हणजे डावा तो डावाच चांगला ठरला, तर ते पान फाडत. "मॉनिटर नाही, माझी खोड बोलतेय," म्हणत चार तुकडे करून टोपलीत टाकत.

या वेळी मी जागा बदलल्या होत्या.

"तिन्ही दिवस डावाच सरस," काका म्हणाले. वही त्यांनी आल्याआल्याच चाळली होती. "काय चोख माणूस! वर त्याचा फोटो, काळी चौकट, आणि समोर त्या कंपनीची पानभर जाहिरात. जो जिंकेल तो द्यायला तयार आहे. श्रद्धांजली म्हणून. आणि मॉनिटर घरीच राहू दे, ते परत मागणार नाहीत."

"सांगून टाक ना ताई," भाऊ म्हणाला. त्याने मान वळवली नाही. डाव्या मॉनिटरच्या पट्टीचं एक टोक त्याने केव्हाच ओरबाडलं होतं, तिथला चिकट मळ तसाच होता; नाव तेवढं अजून झाकलेलं होतं. पडद्यावर वेफर्सच्या तेलाचे ठसे, त्यांच्या आत कुणाचं तरी आतडं भिंतीवर उडत होतं. तो बाबांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. "कुठलाही असू दे. मला हाच चालतो."

मी वही उघडली. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

पहिला दिवस. 'डावा : शेपूट कमी. उजवा : उजवी कड मळकट, कोपरा काळवंडलेला.' दुसरा दिवस. 'उजवा : अक्षरं कडेला विरतात.' तिसरा दिवस, अक्षर जरा तिरपं. 'डावा पुन्हा स्वच्छ. उजवा : उजवी कड मळकटच.'

तिसऱ्या दिवशीचा उजवा म्हणजे आधीचे दोन दिवस स्वच्छ असलेला डावा.

त्याच दिवशी त्यांनी उजव्या हाताशी ठेवलेला कप दोनदा सांडला होता. मी फडकं आपटत म्हणाले होते, "बाबा, डोळे काय मॉनिटरला विकलेत?" ते हसले होते. आठवड्याने, पट्ट्या काढून निकाल ताडून बघण्याआधीच, ते पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मेंदूतली गाठ जुनी दिसते, आधी दिसण्याची काही तक्रार होती का? "छे," मी म्हणाले होते. "त्यांची नजर गरुडाची आहे." अभिमानाने म्हणाले होते.

तक्रार त्यांनी केली होती. लेखी, तिन्ही दिवस. फक्त तिच्यावर नाव मॉनिटरचं होतं.

मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी मिशी पुसली. "अरेरे." मग म्हणाले, "पण हे आपल्यालाच ठाऊक ना? दोन दिवस एक, एक दिवस दुसरा. बहुमत पहिल्याचं."

"निवडणूकच झाली की," भाऊ हसला.

एक क्षण मलाही नाव सांगून टाकावंसं वाटलं, आणि त्या क्षणाची किळस सगळ्यात जास्त येते. एक नाव सांगितलं की बाबा गरुडच राहणार होते. आणि हे पान माझ्याकडे राहणार होतं. त्यांच्या हातचं शेवटचं.

मी पान शिवणीपासून फाडलं. मग आडवं. मग उभं. चारही तुकडे टोपलीत टाकले.

"वेडी आहेस का!" काका उठले, कप कलंडला. "शेवटचं अक्षर होतं गं ते!"

"आत्ता तुम्ही ते जाहिरातीसमोर लावणार होतात."

"मग मी छापू काय?"

"चाचणी रद्द. ते असंच लिहायचे. तुम्ही छापलंयत."

"आणि कारण? वाचक विचारतील."

"लिहा, तपासणाऱ्याला उजवीकडचं दिसत नव्हतं."

काका चप्पल घालताना भावाला म्हणाले, "तू तरी समजाव." भावाने पहिल्यांदा खेळ थांबवला होता. तो टोपलीकडे बघत होता.

"ऊठ," मी म्हणाले. "खोकी आण. दोन्ही परत जातील."

"ताई, एक तरी..."

"दोन्ही."

तो उठला. मी बाबांचं मऊ फडकं घेतलं. ते तपासायला आलेली वस्तू पुसल्याशिवाय परत पाठवत नसत. आधी डावा पुसला. तेल पसरत राहिलं, तीनदा घासावं लागलं. मग उजवा. त्याला कुणी हात लावला नव्हता. उजवी कड लख्ख होती, कोपराही.

भाऊ खोकी घेऊन आला तरी मी तीच कड पुसत होते.