टोपीखालचा स्टिकर

मशीनवापराची यादी वाचताना ताईच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांच्या वापराचं हे वर्कशॉप दहा वर्षं तिच्याच ताब्यात. ड्रिल, करवत, थ्रीडी प्रिंटर, सगळ्यांपुढे तास लिहिलेले. लेथपुढे, म्हणजे कातकामाच्या मशीनपुढे, शून्य. आणि महिनाअखेर जिच्यापुढे शून्य ती मशीन भंगारात, हे मॅनेजरनं आधीच बजावलं होतं.

ती तणतणत त्याच्याकडे गेली. लेथ सकाळपासून घरघरतेय, कान आहेत ना तुम्हाला, असं विचारलंन.

"कान आहेत हो," तो म्हणाला, "पण सॉफ्टवेअर माझ्या कानांना विचारत नाही. एक बुकिंग नाही त्या लेथचं."

कसं असणार? मशीनवरचा स्टिकर फोननं स्कॅन करायचा, वेळ धरायची, मग काम. स्टिकर ताईनंच लावले होते. लेथ तेवढी सोडली. तिच्यावर सपाट जागा एकच, आणि तिथं मामांची खुंटी.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, इथले पहिले टर्नर. त्यांच्या काळी बुकिंग म्हणजे टोपी. खुंटीवर ज्याची टोपी त्याची लेथ. मग साहेबाचीही हात लावायची टाप नाही. ताई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे टोपीच नव्हती. मामांनी आपली तेलकट टोपी काढून टांगली आणि टक्कल खाजवत म्हणाले, "घे, दुपारपर्यंत लेथ तुझी. जाताना बोटं तेवढी मोजून ने."

मामा गेले, तरी लोक टोपीच टांगत राहिले. खुंटी उपटायला ताईचा हात धजेना, आणि टोपीखाली स्टिकर दिसला नसता, म्हणून तो लावलाच नाही. माया करायला गेली आणि लेथच्याच मुळावर उठली.

त्याच दुपारी तिनं खुंटीच्या बरोबर खाली स्टिकर चिकटवला. आधी स्कॅन, मग टोपी. लेथवर नेहमी येणारा सुतार कुरकुरला, एका कामाला दोन-दोन सोपस्कार कशाला म्हणून. ताईनं स्टिकरवर बोट ठेवलं. त्यानं गुपचूप फोन काढला.

महिनाअखेर लेथपुढे एकेचाळीस तास. मॅनेजरनं भंगाराच्या यादीतून तिचं नाव स्वतः खोडलं.

पुढच्या आठवड्यात ताईला पटाशीची एक मूठ कातायची होती. स्क्रीन म्हणाली, लेथ मोकळी. ती गेली, तर खुंटीवर सुताराची टोपी. स्वारी चहाला गेलेली, स्कॅन विसरून.

ताईनं टोपी उचलली, खालचा स्टिकर स्कॅन करून त्याच्या नावानं दुपारपर्यंतची वेळ धरली, टोपी होती तशी टांगली आणि मूठ न कातताच परत फिरली.