फुगलेली झाकणं

नझहाच्या दुग्धालयात लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात चक्क्याच्या डब्यांची झाकणं फुगली. झाकण उचललं की फुस्स! आत बुडबुडे आणि दारूसारखा आंबूस वास. दही बांधायची फडकी निर्जंतुक करायचं काम वदादचं, म्हणून खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर काम सोडायचं, असं नझहानं सगळ्या बायकांसमोर सुनावलं.

वदादला ते फार झोंबलं. अकरा वर्षं ती फडकी धूत होती. आधी साबणानं चिकटपणा काढायचा, मग जंतुनाशकाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायची, तीही घड्याळ लावून. औषध पुरेसं आहे का ते बघायची पट्टी रोज जांभळी होत होती.

"पट्टी काय खोटं बोलते, उम्म नबील?" नबीलची आई म्हणून सगळ्या नझहाला अशीच हाक मारत.

"पट्टीला कुठं चक्का खायचाय? गिऱ्हाईक खातंय ना!"

मंगळवारी अंगणात फडकी वाळत घालताना एका फडक्यावर पिकलेलं द्राक्ष फुटून चिकटलं. वदाद थबकली. वर मांडवावर घड लगडले होते, गांधीलमाशा घोंगावत होत्या. तिचा भाऊ अरक ही दारू गाळायला द्राक्षं नुसती ठेचून ठेवायचा. काही न घालता ती दोन दिवसांत फसफसायची. म्हणजे खमीर सालीवरच असतं! आणि आपण औषधातून काढलेली फडकी नेमकी त्याच्याखाली टांगतो! झाकणं फुगायला लागली तीही द्राक्षं पिकल्यापासूनच. पण फडक्यांना मांडवातल्या उन्हाचा वास लागलाच पाहिजे, हा नझहाच्या सासूचा दंडक. बोलणार कोण?

 वदादनं निम्मी फडकी मांडवात वाळवली आणि निम्मी औषधातून काढून, उकळून गार केलेल्या पाण्यात खळबळून, पिळून तशीच दह्याला बांधली. दोन्हींच्या डब्यांवर वेगळ्या खुणा केल्या आणि काय व्हायचं ते लवकर कळावं म्हणून चार-चार डबे उबदार खोलीत ठेवून दिले. चार दिवस तिला धड झोप लागली नाही.

शनिवारी नझहानं स्वतः अंगठ्यानं झाकणं दाबून पाहिली. मांडवाची चारही टम्म. दुसरी चारही सपाट.

"यांत फरक काय गं?"

वदादनं सगळं सांगितलं. बायकाही भोवती जमल्या. नझहा मांडवाकडं बघत राहिली.

"सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच सांगते. चूक माझी. सासूबाईंच्या वेळी इथं वेल नव्हता, नुसतं ऊन होतं. वेल मी लावला."

वदादनं मनात चार खरमरीत वाक्यं घोळवून ठेवली होती.  पण ती पालथ्या बादलीवर मटकन बसून रडायला लागली.

"रडतेस कशाला? तुझं काम कुठं जात नाही आता."

"कामासाठी नाही, उम्म नबील," वदाद डोळे पुसत म्हणाली. "चार दिवस मला माझ्याच हातांचा संशय येत होता."

नझहानं तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत.