पहिली बोली

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात गोरक्षनं पंचवीस वर्षं गायी-म्हशींची दलाली केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्या बोलीला त्यानं कधी मान डोलावली नाही. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, त्याची बोली बोटांनीच समजून घ्यायची आणि तोंड असं करायचं, की जणू त्यानं आई-बहिणीचा उद्धार केलाय. समोरचा तणतणत निघून जातो. जाऊ द्यायचा. आपण चहा प्यायचा. अर्ध्या तासात स्वारी परत हजर! तोवर आपल्या शेतकऱ्याला धीर निघत नसला, तर गुपचूप त्याचा तळवा दोनदा दाबायचा. म्हणजे थांब, अजून चढंल. बापाच्या मागं मागं बाजारात फिरून वाढलेल्या त्याच्या लेकीला, संस्कृतीलाही ही खूण पाठ होती.

या संस्कृतीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. बारावीला मार्कही चांगले पडले, पण कॉलेजच्या यादीत नाव थोडक्यात हुकलं. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मग एका बुधवारी गोरक्षच्या मोबाईलवर फोन आला. प्रवेशाचं काम बघणाऱ्या देवश्री मॅडम बोलत होत्या. गोरक्षनं स्पीकर लावला.

"तुम्ही मागितलेल्या कोर्सला आता जागा नाही. पण आमच्याकडंच डेअरी टेक्नॉलॉजीला एक जागा रिकामी आहे. तिथं संस्कृतीचा विचार करता येईल. चालणार असेल, तर शनिवारी पाचपर्यंत कळवा."

पोरीचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला.

"आबा, हो म्हणू का? डॉक्टरकी न्हाई, पर गाई-म्हशींच्या जवळचंच हाय की."

गोरक्ष हसला. "येडी का खुळी तू? त्यांनी आपनहून फोन केला. म्हंजी गरज कुनाला हाय? पैल्या बोलीला हो म्हनायचं नसतं. डॉक्टरकीची जागा बी निघंल, बघ तू."

"हा बाजार न्हाई, आबा."

"समदा बाजारच असतो, बाई."

तिनं ऐकलं. बापाचं कधी चुकलेलं तिनं पाहिलंच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

शुक्रवारी ती त्याचा डबा घेऊन बाजारात आली आणि नेमका तेव्हाच मॅडमचा पुन्हा फोन आला. गोरक्षच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बघ, आलं का न्हाई गिऱ्हाईक परत?" संस्कृतीनं फोनसाठी हात पुढं केला. त्यानं तो हात धरला, तळवा दोनदा दाबला आणि स्वतःच बोलला.

"मॅडम, आमाला डॉक्टरकीचंच बघा. डेअरीचं मागनं बघू."

"म्हणजे नको आहे का?"

"आमी कुठं नको म्हनलं? आन् हो बी न्हाई म्हनलं."

आजूबाजूचे दलाल फिदीफिदी हसले. मग "बरं" म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

शनिवारी दुपारपासून संस्कृती मोबाईल मांडीवर घेऊन बसली. चार वाजता म्हणाली, "करू का फोन?" साडेचारला पुन्हा म्हणाली. दोन्ही वेळा गोरक्ष "थांब" म्हणाला. पाच वाजून गेले. तिसरा फोन काही आला नाही.

सोमवारी बापलेक मोटरसायकलवर कॉलेजात गेले. मॅडम मवाळ स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी दोघांना पाणी दिलं.

"यादीत तुमच्या खालच्या मुलीला शनिवारी सव्वापाचला फोन केला. तिनं माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही, हो म्हणाली."

"मॅडम, आमी जरा वडून धरलं हुतं," गोरक्ष म्हणाला. "वाटलं, तुमी परत फोन कराल."

मॅडमनी समोरची फाईल मिटली. "दादा, दुसरा फोन करायचा नियमच नाही. पोरीनं अर्जात घरच्या गायींबद्दल इतकं मनापासून लिहिलं होतं, की तिची जागा जाऊ नये म्हणून मी माझ्याच मोबाईलवरून केला होता."

गोरक्षला तोंड वर करवेना. ज्याला तो गिऱ्हाइकाची गरज समजला, ती त्या बाईची माया होती, आणि चार टवाळांच्या देखत त्यानं ती धुडकावली होती.

परतीच्या वाटेवर संस्कृती भांडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. "पुढच्या वर्षी" म्हणून त्यानंच तिची समजूत घातली. पुढच्या वर्षी तिनं अर्जात डेअरीच पहिली लिहिली. त्या साली यादीला लागणारे मार्क आणखी वर सरकले आणि तिला कुणाचाच फोन आला नाही.

दिवाळीनंतर शिर्डीच्या एका हॉटेलात रिसेप्शनला मुलगी हवी असल्याचं कळलं. संस्कृतीनं अर्ज केला. गोरक्ष तिच्याबरोबर गेला आणि मॅनेजरसमोर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"रिसेप्शनची जागा कालच भरली," मॅनेजर म्हणाला. "पण धुण्याच्या चादरी-टॉवेल द्यायला-घ्यायला एक जण पाहिजे. तिथं तुमचा विचार..."

शिर्डीत पावलोपावली हॉटेलं. चार दिवस थांबलं, तर दुसरीकडं रिसेप्शनचं काम नक्की मिळालं असतं. या खेपेला गोरक्षचा हिशेब चुकत नव्हता. त्यानं टेबलाखाली लेकीचा हात धरला आणि तळवा दोनदा दाबला.

संस्कृतीनं हात हळूच सोडवून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"चालेल, सर," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ?"