तोंडाला लावायचं पाणी

यॉर्कच्या कोर्टात त्या दिवशी नुसती जत्रा भरली होती. बड्या घरच्या बायका ठेवणीतल्या टोप्या घालून, डब्यात कोंबडीचे गार तुकडे घेऊन गॅलरीत बसलेल्या. कुणाला फाशी होणार ते बघताना भूक लागते म्हणे! जळ्ळं मेलं ते लक्षण.

पिंजऱ्यात आमच्या बाईसाहेब उभ्या होत्या, लॅव्हिनिया पेल. नवरा कळा येऊन मेला, त्याच्या पोटात सोमलाचं विष सापडलं, आणि बाईसाहेबांच्या खोलीत माश्या मारायचे कागद बशीत भिजत पडलेले. त्या कागदांत सोमल असतो. ती बशी पोलिसांना दाखवली मीच, त्यांच्या मोलकरणीनं. विचारलं, दाखवली.

ते पाणी बाईसाहेब तोंडाला लावायच्या. कांती नितळ होते. पण आरोपीनं शपथेवर बोलायचं नाही, असा आमचा कायदा. असं पाणी बायका लावतात, हे दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं. आणि तोंडाला काही लावते असं कबूल करणारी बाई अख्ख्या गावात सापडेना. कुलीन बाईचं नाक कापलं जातं ना! लावतात सगळ्या. माझी आधीची मालकीण मिसेस चॅलोनर, तिच्यासाठी तीन वर्षं दर नाचाच्या आधी मीच कागद भिजवलेत. ती गॅलरीत पहिल्या रांगेत बसली होती.

आदल्या दिवशी तिची स्वयंपाकीण हॅना बाजारात भेटली.

"काय गं डॉर्कस, फासावर गेलेल्या बाईची शिफारस घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार तू? आमच्याकडे जागा आहे. जिभेला लगाम असेल तर सोमवारी ये, म्हणाल्यात बाई."

आधीच्या मालकिणीच्या शिफारशीच्या चिठ्ठीवाचून मोलकरणीला आमच्यात कुत्रं विचारत नाही.

कोर्टात मी साक्षीला उभी राहिले, तेव्हा बाईसाहेबांचा वकील माझ्याकडे वळला. "आणखी कुठल्या घरी अशी बशी पाहिलीस, डॉर्कस? नीट आठव, मुली."

मी वर गॅलरीकडे पाहिलं. मिसेस चॅलोनर पंख्याआडून बघत होती. बाईसाहेबही बघत होत्या.

"नाही, साहेब."

"एकदाही नाही?"

"सांगितलं ना, नाही म्हणून!" वर खेकसले मी मेली. लोक हसले.

न्यायाधीश ज्यूरीला म्हणाले, असलं पाणी दुसऱ्या कुठल्या सभ्य घरात वापरल्याचा पुरावा नाही. ज्यूरी पाव तासात परतली. फाशी.

मी सोमवारी मिसेस चॅलोनरकडे कामाला लागले. पुढच्या आठवड्यात बाईसाहेबांनी तुरुंगात बोलावलं. वाटलं, तोंडावर थुंकतील. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ये, डॉर्कस. अशी भेदरू नकोस. तू पाहिलंच नाहीस, तर सांगणार तरी काय, बिचारी?" त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. "अक्षर वाकडं आलंय गं. माझ्या नावाला थोडी किंमत उरली असेल, तर कुठे तरी पोटापाण्याला लागशील."

चिठ्ठीत लिहिलं होतं, "डॉर्कस लिडेल माझ्याकडे चार वर्षं होती. कामाला चोख. ही मुलगी मरेल, पण खोटं बोलणार नाही."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. फाशीला अजून पाच दिवस होते.

"उपकार झाले, बाईसाहेब," म्हणून मी चिठ्ठी घेतली, आणि कामाला उशीर होईल म्हणून निघाले.